हा कागद कोणासाठी? मजकुराचा वाचक ओळखण्याची रीत

डीटीपीच्या दुकानात, छापखान्यात, साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात, पतसंस्थेत किंवा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे नव्याने बसलेल्या माणसासमोर रोज परका मजकूर येतो. कुणाला तो टाईप करायचा असतो, कुणाला सोपा करून लिहायचा असतो, कुणाला सूचनाफलकावर लावायचा असतो. ‘जरा नीट करून द्या’ एवढंच सांगून देणारा निघून जातो. नीट म्हणजे कोणासाठी नीट, हे तो सांगत नाही, आणि पुष्कळदा त्यालाही ते माहीत नसतं. ते कागदावरूनच कसं काढायचं, याची ही रीत आहे. उदाहरणं सांगली आणि साताऱ्याच्या बाजूची घेतली आहेत. नमुन्याचे मजकूर आम्हीच बेतले आहेत, पण असे कागद या भागात रोज फिरतात.

साहित्य फार लागत नाही: मजकुराची एक झेरॉक्स, लाल आणि निळं पेन, पोस्टकार्डाएवढा एक कोरा कागद. मूळ प्रतीवर खुणा करू नका, ती परत मागितली जाते. पानभर मजकुराला सुरुवातीला अर्धा तास धरा. हात बसला की दहा मिनिटांत होतं.

पहिली पायरी: वाचण्याआधी कागद बघा

कागद कुठे लागणार, किती मोठा, त्याचे पैसे कोण देणार, हे विचारून घ्या. ए-फोरवर दहा पॉइंटात बसवलेला मजकूर भिंतीवरचा नाही, टेबलावरचा आहे. दोन घड्या घातलेलं पत्रक हातोहात जाणार आणि शर्टाच्या खिशात राहणार. फ्लेक्स असेल तर वाचणारा मोटरसायकलवर आहे, त्याला सात-आठ शब्दांपलीकडे काही दिसत नाही.

सरकारी कागदाचं शेवटचं पान आधी उलटा. शासन निर्णयाच्या किंवा परिपत्रकाच्या शेवटी ‘प्रति’ म्हणून यादी असते: जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, निवड नस्ती. त्या यादीत शेतकरी नसेल तर कागद शेतकऱ्याविषयी आहे, शेतकऱ्यासाठी नाही. तोच जसाच्या तसा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवला की कुणी वाचत नाही, आणि मग लोकांना वाचायची सवयच नाही असं म्हणायला आपण मोकळे.

दुसरी पायरी: क्रियापदांखाली रेघ ओढा

मराठीत वाचकाचा पत्ता बहुतेक वेळा क्रियापदात सापडतो. निळ्या पेनाने फक्त क्रियापदं अधोरेखित करा आणि सगळी सलग वाचून बघा.

‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘अहवाल सादर करण्यात यावा’ असं असेल तर वाचणारा हाताखालचा अधिकारी किंवा कारकून आहे. काम कुणी करायचं हे वाक्यात नसतं, कारण ते त्याला ठाऊक असतं. ‘कळवावे’, ‘हजर राहावे’, ‘नोंद घ्यावी’ हा सूर अनोळखी पण मान द्यायच्या माणसासाठी आहे: खातेदार, सभासद, पालक. ‘घ्या’, ‘भरा’, ‘झाकून ठेवा’ हे समोर उभ्या असलेल्या, आत्ता काम करणाऱ्या माणसासाठी.

आणि एक प्रकार नवख्याला हमखास फसवतो. ‘डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर शेतकरी हायड्रोजन सायनामाइड लावतात.’ विषय द्राक्षाचा, शब्द द्राक्षाचे (डोळे म्हणजे काडीवरचे अंकुर), म्हणून वाचक बागायतदार असं वाटतं. पण वाक्यात ‘शेतकरी’ तिसरा माणूस झालाय. ज्याला उद्या सकाळी काड्यांना त्याची पेस्ट लावायची आहे त्याला कोणी ‘शेतकरी लावतात’ असं सांगत नाही. हा मजकूर विद्यार्थ्यासाठी, पाहुण्यासाठी नाहीतर कर्ज मंजूर करणाऱ्या बँक अधिकाऱ्यासाठी आहे.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्यावरही नजर ठेवा. कारखान्याच्या वार्षिक अहवालात ‘आपल्या कारखान्याने यंदा इतके गाळप केले’ असं असलं की वाचक सभासद. ‘कारखान्याने गाळप केले’ असं कोरडं असलं की ती पानं लेखापरीक्षकाची किंवा बँकेची. एकाच अहवालात दोन्ही सापडतात. चेअरमनांचं मनोगत सभासदाचं असतं, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक सभासदाच्या नावानं छापलेलं पण दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असतं. सभासद हातात घेतल्या घेतल्या उसाचा दर आणि सवलतीच्या साखरेचं पान उघडतो. ते पान कितवं आहे, हेच मुखपृष्ठाच्या आत ठळक लिहिलं तर अर्धी कामगिरी झाली.

जुन्या पत्रव्यवहारात हे काम मायना करत असे. ‘राजमान्य राजेश्री’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘आशीर्वाद’, ‘आज्ञा केली ऐसीजे’ एवढं वाचलं की मोडी कागदात लिहिणारा वरचा की वाचणारा वरचा हे पुढचा मजकूर लागण्याआधी कळतं. आता मायना गेला, क्रियापद राहिलं. लग्नपत्रिकेत तेवढा अजून टिकून आहे.

तिसरी पायरी: न सांगितलेलं शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. मजकुरात काय सांगितलंय यापेक्षा काय सांगायचं सोडून दिलंय त्यावरून वाचक पक्का होतो. लिहिणारा जे समजावत नाही, ते वाचकाला येतं असं त्यानं धरलेलं असतं.

लाल पेनाने असे शब्द गोल करा जे गावातल्या कुणालाही कळतीलच असं नाही आणि ज्यांचा अर्थ मजकुरात दिलेला नाही. निळ्या पेनाने ते गोल करा ज्यांचा अर्थ लगेच पुढे दिला आहे. आता हा नमुना घ्या, ऑक्टोबरनंतर तासगाव, मिरज, पलूसकडे अशी पत्रकं सुटतात:

‘४० ते ४५ दिवसांच्या बागेत पाऊस झाल्यास दावण्याचा धोका वाढतो. या अवस्थेत स्पर्शजन्य बुरशीनाशकावर भर द्यावा. आंतरप्रवाही औषधाची फवारणी पाने कोरडी झाल्यावरच घ्यावी. निर्यातीच्या बागेत लेबल क्लेम आणि पीएचआय पाहूनच औषध निवडावे. पाणी हेक्टरी १००० लिटर धरावे.’

लाल गोल मोजा. ‘४० ते ४५ दिवसांची बाग’: कशापासूनचे दिवस? फळछाटणीपासूनचे. वेल तर दहा वर्षांचा असेल. हे सांगायची गरज लिहिणाऱ्याला वाटली नाही, म्हणजे वाचक बागायतदार किंवा त्याच्या इतकाच बागेत वावरणारा. दावण्या, स्पर्शजन्य, आंतरप्रवाही, लेबल क्लेम, पीएचआय: सगळे लाल. निळा एकही नाही. दावण्या हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग. स्पर्शजन्य औषध पानावर वरच राहतं, आंतरप्रवाही झाडात शिरतं. लेबल क्लेम म्हणजे ते औषध त्या पिकावर वापरायला असलेली मान्यता. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत तो आकडा. निर्यातीचा माल करणाऱ्याला तो तोंडपाठ असतो, स्थानिक बाजारात माल देणाऱ्याला असेलच असं नाही.

पुढचा प्रश्न आणखी उपयोगी: कोणती गोष्ट सांगायलाच हवी होती आणि नाही सांगितली? औषधाचं नाव नाही. प्रमाण नाही. म्हणजे औषध कोणतं घ्यायचं हे वाचक स्वतः ठरवतो. तो अनुभवी बागायतदार आहे, सल्लागार आहे किंवा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार आहे. पंप चालवणारा गडी तर नक्कीच नाही. त्याला ‘भर द्यावा’चा काही उपयोग नाही. २०० लिटरच्या बॅरलला किती ग्रॅम, आधी काय विरघळवायचं, हातमोजे-मास्क कुठला, फवारून किती वेळ बागेत जायचं नाही, एवढं त्याला हवं. घरचा मालक हे पत्रक वाचून गड्याला तोंडी सांगणार. आकडा चुकतो तो याच टप्प्यावर. म्हणून असा मजकूर ‘सोपा करून द्या’ म्हणून आला तर सोपे शब्द घालत बसू नका. मालकासाठी हवाय की गड्यासाठी, हे आधी विचारा. गड्यासाठी असेल तर ते भाषेचं कामच नव्हे. औषध आणि मात्रा तज्ज्ञाकडून लिहून आणल्याशिवाय तो कागद तयार होणार नाही.

लाल गोलांमधून मजकुराचं गावही कळतं. ‘ऑक्टोबर छाटणी’, ‘फळछाटणी’ इकडचं बोलणं. ‘गोडी छाटणी’ दिसलं की कागद नाशिककडून आलाय. तारखा तपासल्याशिवाय तो इथे वाटू नका, छाटणीचे आणि पावसाचे दिवस तंतोतंत जुळत नाहीत. ‘मंडी’, ‘रबी’ असे शब्द मध्येच आले तर मूळ मजकूर हिंदी आहे आणि त्याचा पहिला वाचक वेगळ्याच राज्यातला होता.

सगळे गोल निळे असतील, म्हणजे प्रत्येक शब्दाचा अर्थ दिलेला असेल, तर वाचक बाहेरचा किंवा शिकाऊ. लाल-निळे मिसळलेले असतील तर थांबा. बहुधा दोन माणसांनी लिहिलेले दोन तुकडे एकत्र शिवले आहेत.

चौथी पायरी: मापं कोणाची आहेत?

शब्द बदलले तरी लिहिणारा मापं बदलायला विसरतो, म्हणून माप हा भरवशाचा साक्षीदार. वरच्या नमुन्यात ‘हेक्टरी १००० लिटर’ आहे. इकडे कोणी हेक्टरात बोलत नाही. ४० गुंठ्यांचा एकर, अडीच एकराच्या आसपास हेक्टर, म्हणजे एकरी साधारण ४०० लिटर, दोन बॅरल. पत्रक शेतकऱ्याच्या नावानं आहे, पण त्याचा मूळ स्रोत कार्यालयातला किंवा संशोधन केंद्रातला आहे हे या एका मापानं उघड केलं.

बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायच्या द्रावणाचंही तसंच. ‘२.५ टक्के पोटॅशियम कार्बोनेट आणि १.५ टक्के इथाइल ओलिएटचे द्रावण’ हे प्रयोगशाळेतल्या माणसासाठी. ‘१०० लिटर पाण्याला अडीच किलो कार्बोनेट, दीड लिटर डिपिंग ऑइल’ हे शेडवरच्या माणसासाठी. गोष्ट एकच, वाचक दोन. पहिलं वाक्य शेडवर नेलं तर दोन चुका होतात: कुणी टक्क्याचा हिशेब दहापट चुकवतो, आणि कुणी दुकानात जाऊन इथाइल ओलिएट मागतो, दुकानदार ‘नाही’ म्हणतो, डिपिंग ऑइलचा डबा फळीवर असतानाच.

हळदीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे क्विंटलमागे असतात. हा तक्ता ज्याला आपला माल कोणत्या प्रतीचा आहे हे कळतं त्याच्यासाठी आहे. हळकुंड किती, गड्डा किती, कणी किती, पॉलिश कसं, हे बघून तो किमान आणि कमालच्या मध्ये स्वतःची जागा शोधतो. पहिल्यांदाच हळद आणणारा कमाल दर वाचून गाडी भरतो आणि सौद्यात त्याचं तोंड उतरतं. त्याच्यासाठी लिहायचं तर कमाल दर कोणत्या मालाला मिळाला हे आकड्याशेजारी आलं पाहिजे.

पाचवी पायरी: तीन वाचक वेगळे करा

एका कागदाला पुष्कळदा तीन वाचक असतात: ज्याचं नाव लिहिलंय तो, जो खरोखर वाचतो तो, आणि ज्याला पुढे कधीतरी दाखवायचा आहे तो.

वर्तमानपत्रातली वकिलाची जाहीर नोटीस घ्या. सुरुवात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी. त्याखाली गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, आणि ‘सदर मिळकतीत कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास १४ दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी कळवावे, अन्यथा मिळकत निर्वेध व बोजारहित आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.’ नाव तमाम लोकांचं. पण तमाम लोकांतल्या कुणाला गट नंबरावरून काय कळणार? खरा वाचक तो, ज्याला तो गट नंबर पाहून पोटात गोळा येतो: भाऊबंद, बहीण, बांधाला बांध असणारा, इसार दिलेला जुना घेणारा. आणि तिसरा वाचक न्यायालय. उद्या दावा झालाच तर ‘आम्ही नोटीस दिली होती’ म्हणून हे कात्रण फायलीतून निघणार.

अशा मजकुरात नवख्यानं सुधारणा करायला जाऊ नये. वाक्य लांबलचक आहे, ‘सदर’ पाच वेळा आलंय, हे खरं. पण ते तिसऱ्या वाचकासाठी तसं आहे. फक्त गट नंबर, गावाचं नाव, क्षेत्राचे आकडे आणि मुदत सातबाऱ्याशी ताडून बघा. तिथली एक चूक झाली की दुसरा वाचक कागदाला मुकतो आणि तिसऱ्यासमोर कागद टिकत नाही.

कीटकनाशकाच्या डब्यातली घडीपत्रिका अशीच. नाव शेतकऱ्याचं, अक्षर मुंगीएवढं, कारण ती कायद्यानं द्यावी लागते आणि तिचा राखीव वाचक निरीक्षक आहे. शेतकऱ्यासाठी खरा मजकूर डब्यावरचा त्रिकोण: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज सर्रास आहे. त्याचा अर्थ चौघांत सगळ्यात कमी विषारी, एवढाच.

आता पुराचं पत्रक. इथे वाचक चुकला तर परिणाम कागदावर राहत नाहीत. पावसाळ्यात रोज असा मजकूर येतो: कोयना धरणात इतके टीएमसी साठा, सहा वक्र दरवाजे इतके फूट उचलले, सांडव्यावरून इतके क्युसेक, पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक, एकूण विसर्ग इतका. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. हे आकडे पाटबंधारे खात्याच्या आणि आपत्ती कक्षाच्या माणसासाठी आहेत, आणि त्याच्यासाठी ते अगदी बरोबर आहेत. तो त्यावरून पुढचा हिशेब मांडतो.

सांगलीत सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरमध्ये राहणाऱ्या माणसाचं माप क्युसेक नाही. त्याचं माप कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचे फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याला हवं ते: आत्ता किती फूट, चढतंय की उतरतंय, आपल्या गल्लीत पाणी यायला किती फूट उरले, गाडी आणि जनावरं कुठे न्यायची, निवारा कोणत्या शाळेत. विसर्गाचं पत्रक जसंच्या तसं मोबाईलवर पुढे ढकललं की दोन टोकाच्या गोष्टी होतात. मोठा आकडा बघून गावभागातला वरच्या मजल्यावरचा माणूस घाबरतो, आणि नदीकाठचा ‘दरवर्षीच सोडतात’ म्हणून झोपतो.

एकाच पत्रकात दोघांना बसवायचा मोह टाळा. दोन कागद करा. नागरिकांच्या कागदात क्युसेकचा आकडा ठेवायचाच असेल तर सगळ्यात खाली. आणि क्युसेकवरून फूट स्वतः काढू नका. मधल्या भागातला पाऊस, वारणेचं पाणी, पुढचा फुगवटा असं बरंच त्यात येतं, तो हिशेब खात्याचाच घ्यायचा.

खानापूर, आटपाडी भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गावच्या यात्रेचं पत्रक गावात लागतं, पण वर्गणीचा मोठा वाटा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरलेल्या मंडळींकडून येतो. ‘वर्गणी नेहमीच्या ठिकाणी जमा करावी’ हे देवळापुढे बसणाऱ्याला पुरतं. दुसऱ्या राज्यात दुकान असलेल्याला तिथीसोबत इंग्रजी तारीख आणि वार लागतो, कारण रेल्वेचं तिकीट तिथीवर मिळत नाही. ते महिना-दोन महिने आधी लागतं. गावात लावायला पत्रक आठ दिवस आधी चालतं, बाहेर पाठवायचं त्याला तो हिशेब नाही.

सहावी पायरी: एक वाक्य लिहा

आता तो कोरा कागद घ्या आणि एवढंच भरा:

‘हा मजकूर अमुकसाठी आहे. त्याला अमुक माहीत आहे, अमुक माहीत नाही. वाचून झाल्यावर तो अमुक करील.’

शेवटची जागा भरता येत नसेल तर वाचक अजून सापडलेला नाही. ‘त्याला माहिती मिळेल’, ‘जनजागृती होईल’ हे चालणार नाही. तो अर्ज भरेल, औषध बदलेल, हरकत नोंदवेल, गुरं हलवेल, वर्गणी पाठवेल. हात-पाय हलणारं क्रियापद हवं. द्राक्षाच्या नमुन्याचं वाक्य असं होईल: ‘हा मजकूर निर्यातीची बाग असलेल्या अनुभवी बागायतदारासाठी आहे. त्याला रोग आणि औषधांचे प्रकार माहीत आहेत, या आठवड्यात कशावर जोर द्यायचा हे माहीत नाही. वाचून तो दुकानात जाऊन औषध निवडेल.’ हे हातात आल्यावर दुरुस्ती सरळ होते: ‘हेक्टरी १००० लिटर’चं ‘एकरी ४०० लिटर’ करा, दिवस फळछाटणीपासूनचे आहेत हे एकदा लिहा, बाकीला हात लावू नका.

‘सर्वांसाठी’ हे उत्तर कोणी दिलं तर त्याला दोन नावं विचारा. ओळखीतली, खरी. एक ज्यानं हे वाचलंच पाहिजे त्याचं, एक ज्यानं नाही वाचलं तरी बिघडत नाही त्याचं. दुसरं नाव सुचलं की ‘सर्व’ आपोआप आक्रसतात.

सातवी पायरी: माणसाला दाखवा

वाक्यात आलेल्या प्रकारचा एक माणूस गाठा. नात्यातला, ऑफिसातला नको. कागद हातात द्या, गप्प बसा. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे त्याला ‘हो’ हेच उत्तर आहे, विचारणारा शिकलेला असेल तर जास्तच. विचारायचं ते हे: ‘हे वाचून तुम्ही काय कराल?’ आणि दुसरा: ‘दुकानात जाऊन काय मागाल?’ किंवा ‘कोणत्या खिडकीला जाल?’ तो काय बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तीन माणसं पुरतात. तिघंही एकाच ओळीवर अडले तर चूक ओळीची. तिघं तीन ठिकाणी अडले तर तुम्ही माणसं चुकीची निवडलीत, म्हणजे वाचक चुकीचा धरला आहे, पाचव्या पायरीवर परत या.

वाचणारा आणि ऐकणारा वेगळा असेल का, हेही इथेच कळतं. पुष्कळ घरांत पत्र किंवा मोबाईलवरचा निरोप नातू वाचतो आणि निर्णय आजी घेते. अशा मजकुराला कंस, ‘आणि/किंवा’, ‘वरीलप्रमाणे’, ‘खालील तक्त्यात’ चालत नाही. मोठ्यानं वाचताना ते गळून पडतं. रिक्षातून भोंग्यावर पुकारायचा मजकूर तर आणखी तोडून लिहावा लागतो: आधी गल्लीचं नाव, मग काय करायचं, मग कधीपर्यंत. रिक्षा पुढे सरकते, म्हणून गल्लीचं नाव शेवटी ठेवलं तर ज्याचं आहे त्याला आधीचं ऐकूच आलेलं नसतं.

कुठे चुकतं

अवघड मजकूर म्हणजे शिकलेल्यांसाठी, सोपा म्हणजे अडाण्यांसाठी, ही सर्वात मोठी चुकीची समजूत. दावण्यावरचा तो नमुना इंग्रजी प्राध्यापकाला कळणार नाही आणि सातवी शिकलेल्या बागायतदाराला एका वाचनात कळेल. अवघडपणा शिक्षणावर ठरत नाही, धंद्यावर ठरतो.

दुसरं, चित्रांकडे दुर्लक्ष होतं. पत्रकावर ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा फोटो आणि मजकुरात पाठीवरचा पंप असेल तर फोटो कुठून तरी उचललेला आहे. वाचक फोटोवरून ठरवतो की हे आपल्यासाठी आहे की मोठ्या शेतकऱ्यासाठी, आणि मजकुरापर्यंत येतच नाही.

तिसरं, लिहिणाऱ्याच्या वरिष्ठासाठी लिहिलेला मजकूर. याची खूण सोपी: पहिल्या परिच्छेदात मान्यवरांची नावं, दुसऱ्यात योजनेचा उद्देश, आणि अर्जाची शेवटची तारीख चौथ्यात. वरिष्ठाला ते आवडतं, अर्जदार तिथपर्यंत पोचत नाही. वाद घालू नका, तारीख आणि लागणारी कागदपत्रं (सातबारा, आठ अ, आधार, पासबुकची झेरॉक्स) चौकटीत घालून सगळ्यात वर बसवा. नावं खाली जशीच्या तशी राहू द्या. चौकटीला कुणी हरकत घेत नाही.

सरावासाठी वाईची मदत घ्या. मराठी विश्वकोशाचं काम तिथून चालत आलं आहे, आणि मुलांसाठी कुमार विश्वकोशही निघाला आहे. दोन्हीत सापडेल असा एकच विषय निवडा आणि दोन्ही मजकुरांवर लाल-निळे गोल करा. कोणते लाल गोल कुमारमध्ये निळे झाले, कोणते शब्दच गायब झाले, हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं की तिसरी पायरी हातात बसते.

सहाव्या पायरीचं ते कार्ड काम संपल्यावर फेकू नका, मजकुराच्या फाईललाच टाचून ठेवा, मागे तारीख घालून. पुढच्या हंगामात तोच माणूस ‘मागचंच काढा, फक्त साल बदला’ म्हणत येतो. तेव्हा कार्ड काढून त्याला शेवटची ओळ वाचून दाखवा आणि विचारा, अजून तोच वाचक आहे का. मधल्या काळात अर्ज ऑनलाईन झालेले असतात, खिडकी बंद झालेली असते, नाहीतर ज्याच्यासाठी पत्रक होतं त्याने बाग काढून ऊस लावलेला असतो.